वहिनींची वायर

वायरीच्या टोकाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि तिच्यावर बॉलपेननं 'वहिनी' असं लिहिलं होतं. जनरल मॅनेजर इंगवलेसाहेबांनी ती जुडग्यातून पुढं ओढली, दोन बोटांत धरली आणि मला म्हणाले, "वाच."

"वहिनी," मी वाचलं.

"आपल्या ऑफिसात वहिनी किती आहेत?"

"एकच."

"मग या कागदावर सही कर आणि लाग आपल्या कामाला."

कागद आधीच टाइप करून आणलेला होता. मुख्य मशीनच्या अकराव्या भोकातली वायर हिशेब विभागातल्या श्रीमती शैला सुतार यांच्या टेबलाची आहे, याची मी स्वतः खात्री केली आहे, असं त्यात लिहिलं होतं. खाली माझं नाव, सारिका तोडकर, संगणक तंत्रज्ञ, कंत्राटी. मी पेनाचं टोपण काढलं, मजकूर पुन्हा वाचला आणि टोपण परत लावलं.

"साहेब, खात्री कुठं केलीय मी?"

"नाव लिहिलंय की त्यावर. आणखी कसली खात्री पाहिजे तुला?"

ही गोष्ट पंचधारा दूध संघातली. आमच्या तालुक्याच्या गावात संघाचं दुमजली ऑफिस होतं आणि मला तिथं लागून वर्षही झालं नव्हतं. संघात नोकरभरती निघाली होती. तिची प्रश्नपत्रिका इंगवलेसाहेबांच्या कॉम्प्युटरवर होती, आणि परीक्षा तोंडावर आलेली असताना ती एस.टी. स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात सापडली. परीक्षा पुढं ढकलावी लागली, पेपरात बातमी आली, सगळीकडं छी थू झाली. कोल्हापूरहून एक तज्ज्ञ आला. त्यानं मुख्य मशीनमधली नोंद बघितली आणि सांगितलं की शनिवारी दुपारी अकराव्या वायरीवर बसलेल्या कुणीतरी ती फाइल उचलली आहे. तेवढं सांगून, चहा पिऊन तो गेला. मग साहेबांनी अकरावी वायर धरली आणि त्यांना 'वहिनी' सापडली. वरून वहिनींच्या मुलीनं, प्रियांकानं, त्याच भरतीचा अर्ज भरलेला. आईनं लेकीसाठी पेपर चोरला, असं सगळं चौकटीत बसलं.

वहिनींचे मालक संघाच्या टँकरवर ड्रायव्हर होते. टँकर घाटात उलटला, ते गेले, आणि त्यांच्या जागी वहिनींना हिशेबात घेतलं. ड्रायव्हर लोक त्यांना वहिनी म्हणायचे, म्हणून मग कारकून, शिपाई, संचालक सगळेच वहिनी म्हणायला लागले. त्यांचं नाव शैला आहे हे मलाही त्या कागदावर वाचूनच कळलं.

आता त्या चिकटपट्टीचं सांगते. माझ्या आधी हे काम दत्ताभाऊ बघायचे. भला माणूस, पण वायर कुठल्या खोलीतल्या कुठल्या टेबलाला जाते हे काही ते लिहायचे नाहीत. तिथं बसणाऱ्याचं नाव लिहायचे. 'वहिनी', 'पाटील लहान', 'पाटील दाढी', 'तंबाखू'. तंबाखू म्हणजे कोण हे कळायला मला महिना लागला, आणि कळलं तेव्हा ते गृहस्थ निवृत्त होऊन गेलेले होते. त्यातून आप्पा अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी वास्तूवाला आणला होता. तो म्हणाला, हिशेब आग्नेयेला नको, कुबेराच्या दिशेला पाहिजे, उत्तरेला. चांगला मुहूर्त बघून सगळ्यांनी आपापले कॉम्प्युटर, खुर्च्या, देवांचे फोटो उचलले आणि नव्या खोल्यांत मांडले. सत्यनारायण झाला, शिरा वाटला. वायरी मात्र भिंतीत होत्या. त्या कुठं जाणार? त्या जिथल्या तिथं राहिल्या आणि त्यांच्या टोकांना नावंही तीच राहिली.

मग वायर कुणाची हे ओळखायचं कसं? दत्ताभाऊंनी जाताना मला मंत्र दिला होता: ओढायची, आणि कोण ओरडतं ते ऐकायचं. वायर न ओढता माग काढायचं छोटं यंत्र मिळतं. एका टोकाला लावलं की दुसऱ्या टोकाला टूं टूं वाजतं. मी ते मागितलं होतं. साहेब म्हणाले, ओरडणारी माणसं आहेत की फुकटची, यंत्र कशाला?

ओरडणाऱ्यांत पहिला नंबर रणधीररावांचा. हे आप्पांच्या बहिणीचे चिरंजीव. त्यांना संघात संपर्क अधिकारी करून ठेवलं होतं. संपर्क कुणाशी, ते देवाला ठाऊक. ऑफिसात त्यांना भाचेसाहेब म्हणायचे. तोंडावर आदरानं आणि पाठीमागं हसून. दिवसभर क्रिकेटचे स्कोअर बघायचे, आणि नेट जरा अडखळलं की खालच्या मजल्यावरून आरोळी यायची, "तोडकर, तोडलंस काय गं परत?" आडनावावरचा हा विनोद त्यांना रोज नव्यानं सुचायचा.

तर मी साहेबांना म्हटलं, "जागा बदलायच्या आधी वहिनी जिथं बसायच्या, तिथं आता कोण बसतं ते बघा की."

साहेबांनी बघितलं नाही. आग्नेयेच्या त्या खोलीला काच लावून केबिन केलेली होती आणि दारावर भाचेसाहेबांची पितळी पाटी होती. साहेब रोज तिथूनच जायचे. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेऊन खिशाला लावलं आणि एकदम बापाच्या मायेनं बोलायला लागले. मार्चमध्ये मला कायम करायचं प्रकरण सभेपुढं ठेवायचं त्यांच्या मनात आहे. माझ्या घरी आजारी वडील आहेत हे त्यांना माहीत आहे. वहिनींनाही काही फाशी होत नाही. राजीनामा दिला की पोलिसात जायचं नाही असं ठरलंय. आणि वास्तूचं नाव तर आप्पांपुढं चुकूनही काढायचं नाही.

"हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस, तोडकर. बुधवारी संचालकांच्या सभेत कागद लागेल."

वायरींचं कपाट सभेच्या हॉलमध्येच होतं, कारण अख्ख्या ऑफिसात एसी तेवढाच होता आणि मशीनला गारवा लागतो. साहेबांनी मला बाहेर काढलं, हॉलला कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन गेले. म्हणजे ओढून बघायची सोयही संपली.

मी तडक वहिनींकडं गेले. डबा खायच्या खोलीत त्या एकट्याच बसल्या होत्या. डबा बंद होता आणि डब्याखाली घडी केलेला कागद होता. राजीनामा. इंगवलेसाहेबांनी मजकूर सांगितला, वहिनींनी उतरवून घेतला. आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल बोलताना मी जातो, मी करतो असंच म्हणतात. वहिनीही तशाच बोलायच्या.

"मी देऊन टाकतो बघ," त्या म्हणाल्या. "पोलिसात न्हेणार न्हाईत म्हणालेत."

"आणि प्रियांकाचं काय?"

"तिचा अर्ज रद्द. चोराच्या पोरीला कोण बसू देईल?" हे सांगताना त्यांचा आवाज फुटला. पोरगी वर्षभर मावशीकडं राहून अभ्यास करत होती. मावशीच्या घरात लाइट असायची, आमच्या गावासारखी जायची नाही. परीक्षेला नेसायला म्हणून वहिनींनी तिला साडीसुद्धा आणून ठेवली होती. ती साडी आता कुणाला द्यायची, हे त्या मला विचारत होत्या.

मला रडणाऱ्या माणसाला जवळ घेता येत नाही. मला राग येतो. मी त्यांना म्हटलं, वहिनी, राजीनामा दिलात की चोरी अंगाला चिकटली. मग ती जन्मभर निघत नाही, तुमच्या नाही आणि पोरीच्याही नाही. तुम्ही चोरलंय का? त्या म्हणाल्या, मला ती फाइल उघडाय तरी येती का गं? मग देऊ नका, म्हटलं. तर म्हणाल्या, "माझ्या मागं कोण हाय, सारिका?"

"मी आहे की."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. सव्वीस वर्षांची, कंत्राटी, कमरेला वायर कापायचं कटर लावलेली पोरगी. मला वाटतं, त्यांना हसू आलं असणार, पण त्यांनी ते दाबलं आणि डबा उघडून माझ्यापुढं अर्धी भाकरी ठेवली. सभेत मी बोलेपर्यंत कागद हातातच धरायचा, एवढं त्यांच्याकडून मी कबूल करून घेतलं. पुढं काय करायचं हे मात्र मलाच माहीत नव्हतं.

बुधवारी हॉल उघडला. आप्पा मधल्या खुर्चीवर, दोन्ही बाजूंना संचालक, समोर चहा आणि खारी. इंगवलेसाहेबांनी प्रकरण वाचून दाखवलं. शेवटी श्रीमती सुतार यांनी स्वतःहून राजीनामा देऊ केला असल्यानं संघाच्या प्रतिष्ठेचा विचार करून प्रकरण इथंच मिटवावं, असं होतं. वहिनी दाराशी उभ्या होत्या. शिपाई चहाचे कप गोळा करता करता कान लावून ऐकत होता. साहेबांनी तो टाइप केलेला कागद टेबलावरून माझ्याकडं सरकवला.

"तोडकर, सही."

"करते साहेब," मी म्हणाले. "पण यात लिहिलंय, खात्री केली म्हणून. ती आधी करू दे."

आप्पांनी चष्म्यावरून बघितलं. शेतकरी माणूस, कमी बोलायचा. "कशी करत्यात खात्री?"

"ओढायची, आप्पा. आणि कोण ओरडतंय ते ऐकायचं. वहिनींची असली तर वहिनींचं मशीन बंद पडेल. इथं हीच रीत आहे, मी काही नवीन काढलेलं नाही."

एक संचालक हसले. साहेब घाईनं म्हणाले की दुधाची बिलं निघतायत, सगळी सिस्टिम बसेल, दूधवाल्यांची बोंब होईल. आप्पा म्हणाले, "वहिनीच्या टेबलाचं बिल थांबंल तेवढं. ओढ."

मी कपाटाचं काचेचं दार उघडलं. अकराव्या भोकावर हिरवा दिवा लुकलुकत होता. तो मी सगळ्यांना दाखवला. दिवा लुकलुकतोय म्हणजे पलीकडं कुणीतरी मशीन लावून बसलंय, मेलेल्या वायरीवर दिवा लागत नाही, हे आधी सांगून घेतलं. संचालक खुर्च्यांतून वाकून बघायला लागले. मग मी वायर ओढली आणि दिवा विझला.

हॉलला लागूनच हिशेबाची खोली. आप्पांनी बसल्या जागेवरून हाळी दिली, "वहिनीचं मशीन चालू हाय का बघा रे." तिकडून उत्तर आलं की चालू आहे, बिल निघतंय. आणि खरंच, प्रिंटरची करकर चालूच होती. वहिनींनी दाराची चौकट धरली.

मी मात्र खालच्या आवाजाची वाट बघत होते. आता येईल, तोडकर, तोडलंस काय गं. नेट गेलं की हा माणूस गाव गोळा करायचा. पण आवाज आला नाही. खालचा मजला एवढा गप्प मी कधी ऐकला नव्हता. मग माझं लक्ष गेलं, चहाचे कप घेऊन शिपाई केव्हाच खाली उतरला होता. वर वायर ओढतायत, जो ओरडेल तो सापडेल, ही बातमी माझ्या हाताच्या आधी खाली पोचली होती. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथं खवखव झाली आणि घसा बंद झाला.

"मग असेल कुठली तरी जुनी वायर," इंगवलेसाहेब म्हणाले.

"दिवा बघितला सगळ्यांनी," मी म्हणाले.

आप्पांनी शिपायाला हाक मारली आणि सगळ्या खोल्यांत विचारून यायला सांगितलं, कुणाचं बंद पडलंय का. तो फिरून आला. कुणाचंच बंद नव्हतं. हिशेब चालू, संकलन चालू, भांडार चालू.

"आणि रणधीर?" हे आप्पांनीच विचारलं.

"ते पण चालू आहे म्हणाले," शिपाई म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "हळूच म्हणाले."

एका संचालकांना खोकला आला. मला पायऱ्या उतरून त्या केबिनमध्ये घुसायचं होतं, मॉनिटर उलटा करून सगळ्यांना दाखवायचा होता. मी तसं बोललेही, की चला खाली बघू. इंगवलेसाहेब एकदम उभे राहिले. "भाचेसाहेबांच्या शब्दावर पण तुझा विश्वास नाही काय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आप्पाही. आता मी नाही म्हटलं असतं तर अध्यक्षांच्या घरच्या माणसाला खोटं पाडल्यासारखं झालं असतं, आणि वहिनींची गोष्ट बाजूला राहून माझ्या उद्धटपणाची गोष्ट झाली असती. साहेबांना तेच पाहिजे होतं. आणि त्या क्षणी मला सुचलं. आजही आठवलं की बरं वाटतं.

"आहे की," मी म्हणाले. "पूर्ण विश्वास आहे. सगळ्यांचं चालू आहे, भाचेसाहेबांचंही चालू आहे. म्हणजे ही वायर कुणाचीच नाही."

मी कमरेचं कटर काढलं आणि वायरीचं टोक कापलं. नुसती पिन नव्हे, कपाटाच्या आत हात घालून भिंतीतून येते तिथून कापली. कुणाचीच नाही ती वायर ठेवायची कशाला? 'वहिनी' लिहिलेला तुकडा माझ्या हातात राहिला. तो मी दाराशी जाऊन वहिनींच्या हातात दिला, आणि साहेबांचा कागद सही न करता त्यांच्यापुढं परत सरकवला.

"आडनाव सार्थ केलंस," आप्पा म्हणाले. त्यांनी दाराकडं मान वळवली. मग म्हणाले, "वहिनी, तुझा कागद तुझ्यापाशीच ठेव. चौकशी संपली न्हाई अजून. आणि इंगवले, ह्या कपाटाची किल्ली हिच्याकडं द्या. परत कुणाची वायर कुणाला चिकटाय नको."

त्यानंतरचे दिवस मी मजेत काढले, खोटं कशाला बोलू? भाचेसाहेब केबिनमध्ये बसायचे. मॉनिटर चालू असायचा. त्यावर ते काहीतरी टाइप करायचे आणि कुणी आलं की माउस हलवायचे. स्कोअर कळायला शिपायाला पानपट्टीवर पाठवायचे. मी केबिनवरून जाताना मुद्दाम थांबायचे, दारातून विचारायचे, "काय भाचेसाहेब, नेट बरं चालतंय ना?" ते म्हणायचे, "चालतंय." पुढं तेवढंही म्हणेनात, नुसती मान हलवायचे. मग टेबलावर वर्तमानपत्र आलं, मग दोन आली.

वहिनींसाठी मात्र ते दिवस वाईट होते. चौकशी संपली नाही म्हणजे डाग पुसला नाही. त्या आल्या की बोलणारी माणसं गप्प व्हायची. भरतीची नवी तारीख लागली आणि प्रियांकाच्या अर्जापुढं 'निर्णय प्रलंबित' असं आलं. वहिनी मला म्हणायच्या, सारिका, तू तुझ्या पोटावर पाय आणून घेतलास आणि माझं काय झालं? लटकतच राहिलं. मी म्हणायचे, वहिनी, दम धरा. मासा पाण्याबाहेर किती दिवस राहणार?

इंगवलेसाहेब एकदा माझ्या टेबलाशी आले. खालच्या केबिनला जरा एक नवीन वायर टाक, म्हणाले, जाता जाता, गाजावाजा न करता.

"कशाला साहेब? तिथलं चालू आहे."

"तोडकर."

"बंद असेल तर त्यांनी तोंडानं सांगू दे. चारचौघांत. कधीपासून बंद आहे ते पण सांगू दे. लगेच जोडून देते."

"माजलीस," साहेब म्हणाले.

"होय साहेब," मी म्हणाले.

किल्ली हातात आल्यावर मी सगळ्या वायरींना नवीन पट्ट्या लावायला घेतल्या होत्या. माणसांची नावं काढायची आणि खोली नंबर, टेबल नंबर घालायचा. भिंतीतल्या प्रत्येक भोकाशीही तोच नंबर चिकटवायचा. लोकांना ते आवडलं नाही. पाटील दाढींनी तर विचारलं, मी काय कैदी आहे काय, मला नंबर द्यायला? त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली.

त्या दिवशी मी खालच्या बोळात स्टुलावर चढून पट्ट्या लावत होते. आप्पा आले आणि भाच्याच्या केबिनमध्ये गेले. संघ नवीन टँकर घेणार होता, त्याचे फोटो मुंबईच्या कंपनीनं भाचेसाहेबांना मेल केले होते. आप्पांना ते बघायचे होते. काचेतून मला दिसत होतं. भाचेसाहेब माउस हलवत होते, काहीतरी सांगत होते, परत हलवत होते. आप्पा पाठीमागं हात बांधून उभे होते. मग ते बाहेर आले आणि माझ्या स्टुलाशी थांबले.

"तोडकर, ह्याचं बंद हाय."

मी खाली उतरले. पट्ट्यांचं पाकीट पिशवीत ठेवलं. मला घाई करायची नव्हती.

"कधीपासून, आप्पा?"

बोळात संकलनाची तिघं-चौघं माणसं होती, ती थांबली. जिन्यावरून वहिनी बिलांचा गठ्ठा घेऊन उतरत होत्या, त्याही मधल्या पायरीवर थांबल्या. आप्पा माझ्याकडं बघत राहिले. प्रश्न त्यांना कळला होता. त्यांच्यासारख्या माणसाला तो मी विचारायच्या आधीच कळलेला असणार. ते केबिनकडं वळले.

"कधीपासनं रे?"

भाचेसाहेब दारात आले होते. "आज सकाळीच गेलं, मामा."

"सकाळी तू पेपर वाचत बसला होतास," आप्पा म्हणाले. "काल बी. त्याच्या आदल्या दिशी बी. मी येता-जाता बघत होतो. मला वाटलं, कॉम्प्युटरचं खूळ सुटलं, पोरगं सुधारलं. तुझ्या आईला फोन करून सांगिटलं मी." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "कधीपासनं, रणधीर?"

भाचेसाहेबांनी खाली बघितलं. त्यांच्या पायात नवे बूट होते.

"सभा झाली त्या बुधवारपासून."

आप्पांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी परत घातली. मला त्या क्षणी त्या म्हाताऱ्याची दया आली, हे सांगायला पाहिजे. मग त्यांनी जिन्याकडं मान वर केली.

"वहिनी, तो कागद हाय का तुझ्यापाशी?"

वहिनींनी गठ्ठा कठड्यावर ठेवला. पर्समधून राजीनामा काढला आणि उरलेल्या पायऱ्या उतरून आप्पांच्या हातात दिला. घडी उघडून उघडून तो मऊ झाला होता. आप्पांनी तो वाचला नाही. तसाच भाच्यापुढं धरला.

"हे घे. मजकूर हाच ऱ्हाऊ दे. नाव तेवढं तुझं घाल."

प्रश्नपत्रिका त्यानं कुणासाठी उचलली, कुणाकुणाला दिली, ते पुढं निघालं. ते मी सांगत नाही, त्यातली माणसं आज मोठी आहेत आणि मला त्यांचं कौतुक नाही. परीक्षा नव्यानं झाली. प्रियांका ती साडी नेसून बसली. थोडक्यात गेली तिची नोकरी, लागली नाही, पण बसली. नंतर दुसरीकडं लागली.

मार्चमध्ये माझं कंत्राट संपलं आणि इंगवलेसाहेबांनी ते पुढं वाढवलं नाही. आप्पांनी त्यांना थांबवलं नाही. मी त्यांच्या बहिणीचं घर दुखावलं होतं, त्यांना माझं तोंड रोज बघणं जड जात असणार. मी काही कुणाच्या पाया पडायला गेले नाही. वडील म्हणाले, कटर आपलं आहे ना? मग पोट भरतं. आज कोल्हापुरात माझी स्वतःची एजन्सी आहे, दवाखान्यांच्या आणि शाळांच्या वायरी आम्ही टाकतो, आणि सही न केलेला तो एक कागद ही माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली सही आहे असं मला वाटतं.

संघातल्या माझ्या शेवटच्या दिवशी एकच टेबल राहिलं होतं, वहिनींचं. मी पट्टी कापली आणि पेन काढलं. खोली चार, टेबल दोन, असं लिहायला लागले तर त्यांनी माझा हात धरला.

"माझं नाव लिही. वहिनी नको. शैला सुतार, असं सगळं लिही."

मी म्हटलं, अहो, एवढं रामायण कशानं झालं? माणसाचं नाव लिहिलं की माणूस हलतो आणि वायर तिथंच राहते, हेच तर मी सगळ्यांना ओरडून सांगतेय. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग खुर्ची पुढं ओढली, पदर खोचला आणि टेबलावर दोन्ही कोपरं टेकली.

"असू दे. लिही तू. मी न्हाई आता हितनं हलत."